आठवणीची साक्ष

मनुष्याजवळ स्मरणशक्ती नसती, तर त्याचे जीवन किती दीनवाणे झाले असते! काल शिकलेला धडा आज उपयोगी पडला नसता, आईची हाक ओळखू आली नसती आणि घराची वाट रोज नव्याने शोधावी लागली असती. भाषा, गणित, गाणी, नाती आणि व्यवहार हे सारे स्मृतीच्याच आधाराने उभे आहे. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी पाठांतराला मोठा मान दिला. एखाद्या गोष्टीविषयी वाद निघाला, की "मला चांगले आठवते" असे आपण ठासून सांगतो. आणि आणखी चार जणांनी "आम्हांलाही तसेच आठवते" असे म्हटले, की वाद मिटला असे समजतो.

परंतु स्मृतीची ही साक्ष नेहमी खरी असते काय? आणि पुष्कळ माणसांना एखादी गोष्ट एकाच रीतीने आठवत असली, तर ती खरीच असली पाहिजे काय? ह्या दोन प्रश्नांचा विचार ह्या पाठात करावयाचा आहे.

प्रथम एक लहानसा प्रयोग करून पाहा. वीस रुपयांची हिरवट पिवळ्या रंगाची नोट तुम्ही अनेकदा हाताळली असेल. ती समोर न घेता तिच्या मागील बाजूचे चित्र कागदावर काढा. त्या बाजूला कोणते स्थळ दाखवले आहे? नोटेची किंमत भाषांच्या उभ्या पट्टीत किती भाषांमध्ये लिहिली आहे? त्या पट्टीत मराठीचा क्रम कितवा? आता नोट समोर ठेवून आपले चित्र ताडून पाहा. तेथे वेरूळच्या लेण्यांचे चित्र आहे. पट्टीत पंधरा भाषा आहेत, आणि त्यांत मराठी बरोबर मध्यभागी, म्हणजे आठवी आहे. तुमच्यापैकी किती जणांना हे सर्व बरोबर सांगता आले?

शेकडो वेळा पाहिलेली वस्तूसुद्धा आपण किती अपुरी पाहतो, हे ह्यावरून कळेल. ह्यात मनाचा दोष नाही. आपल्याला नोट केवळ ओळखावयाची असते. तिच्यावरील प्रत्येक रेघ ध्यानात ठेवण्याचे काही कारण नसते. म्हणून मन कामापुरते ठेवते आणि बाकीचे सोडून देते. विसरण्यात नवल नाही. नवल पुढेच आहे. विसरल्यामुळे जी जागा मोकळी होते, ती मन मोकळी राहू देत नाही. तेथे ते काहीतरी शोभेसे आणून बसवते. आणि कित्येकदा हजारो माणसांची मने एकमेकांना न विचारता एकच वस्तू तेथे आणून बसवतात!

ह्याचे एक गमतीदार उदाहरण आपल्या घराघरांत सापडते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील गब्बरसिंग नावाच्या दरोडेखोराचे बोलणे इतके लोकप्रिय झाले, की त्या संवादांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. आजही शाळेच्या स्नेहसंमेलनात कोणी गब्बरसिंगाची नक्कल करू लागला, की तो बहुधा सांबा ह्या साथीदाराला हाक मारतो आणि लगेच त्यालाच विचारतो, की समोर माणसे किती होती. सगळे प्रेक्षक टाळ्या वाजवतात. कारण सर्वांना तो प्रसंग तसाच आठवत असतो. पण चित्रपटात तो तसा नाही. माणसे किती होती, हा प्रश्न गब्बरसिंग हात हलवत परत आलेल्या कालियाला विचारतो. सांबा मात्र वर खडकावर बसलेला आहे. त्याला हाक मारून गब्बरसिंग विचारतो, ते सरकारने आपल्यावर लावलेल्या इनामाविषयी. दोन्ही वाक्ये एकाच प्रसंगातील आहेत, दोन्ही गाजलेली आहेत. लोकांच्या मनाने एकातील हाक घेतली, दुसऱ्यातील प्रश्न घेतला आणि त्यांचे एक नवेच वाक्य जुळवून टाकले. नकला करणाऱ्यांनी ते वाक्य गावोगाव पोचवले. अखेर ज्यांनी चित्रपट अनेकदा पाहिला होता, त्यांनाही ते कानांनी ऐकल्यासारखे वाटू लागले.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. जपानमध्ये निर्माण झालेले पिकाचू हे पिवळे चित्र तुम्हांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. त्याच्या शेपटीचे टोक कोणत्या रंगाचे आहे? पुष्कळ मुले आणि मोठी माणसेही "काळे" असे उत्तर देतात. वस्तुतः त्याच्या कानांची टोके काळी आहेत. शेपटीचे टोक पिवळेच आहे, आणि शेपटीच्या मुळाशी थोडा तपकिरी रंग आहे. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात दीपश्री प्रसाद आणि विल्मा बेनब्रिज ह्या दोन संशोधक स्त्रियांनी अशा प्रकारच्या चुकांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि तो २०२२ साली प्रसिद्ध केला. त्यांनी लोकप्रिय अशी ४० चित्रे निवडली. प्रत्येक चित्राचे एक खरे आणि दोन बदललेले असे तीन नमुने लोकांपुढे ठेवले आणि त्यांतील खरे कोणते ते ओळखावयास सांगितले. त्यांपैकी ७ चित्रांच्या बाबतीत असे आढळले, की पुष्कळ लोक चुकले. एवढेच नव्हे, तर ते सारे एकाच चुकीच्या नमुन्याकडे बोट दाखवू लागले, आणि तेही मोठ्या खात्रीने. पिकाचू हे त्या सातांपैकीच एक होते.

पुष्कळांना मिळून होणाऱ्या ह्या स्मृतिभ्रमाला 'मंडेला परिणाम' असे नाव पडले आहे. नेल्सन मंडेला हे दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे थोर नेते. १९६२ साली त्यांना पकडण्यात आले आणि त्यांनी सत्तावीस वर्षे कारावास भोगला. ते तुरुंगातच मृत्यू पावले, अशी अनेक देशांतील काही लोकांची समजूत होती. त्यांच्या अंत्ययात्रेची दृश्ये पाहिल्याचेही कित्येकांना 'आठवत' होते! प्रत्यक्षात ११ फेब्रुवारी १९९० रोजी ते तुरुंगातून सुटले. त्याच वर्षी भारताने त्यांना 'भारतरत्न' हा किताब अर्पण केला. १९९४ साली ते आपल्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि ५ डिसेंबर २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. जिवंत आणि जगप्रसिद्ध माणसाच्या मृत्यूची आठवण जर लोकांच्या मनात तयार होऊ शकते, तर स्मृतीवर डोळे मिटून विश्वास ठेवणे किती धोक्याचे आहे, हे सहज ध्यानात येईल.

आता हे का घडते, ते पाहू. स्मृती म्हणजे एक पेटी आहे, तीत आपण अनुभव ठेवतो आणि हवा तेव्हा जसाच्या तसा बाहेर काढतो, अशी आपली कल्पना असते. ती बरोबर नाही. फ्रेडरिक बार्टलेट हे इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनी उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा आपल्या विद्यार्थ्यांना वाचावयास दिली आणि काही काळाने ती आठवेल तशी लिहावयास सांगितली. विद्यार्थ्यांनी लिहिलेली कथा मूळ कथेपेक्षा आखूड आणि अधिक सरळ होती. मूळ कथेतील आदिवासींच्या लांबट डोंग्यांची त्यांनी साधी होडी केली होती, आणि सील ह्या समुद्रातील प्राण्याची शिकार करणारी माणसे काहींच्या कथेत मासे धरू लागली होती! जे अपरिचित होते, ते गळून गेले होते किंवा परिचिताचे रूप घेऊन आले होते. १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बार्टलेट ह्यांनी असे दाखवून दिले, की आठवणे म्हणजे साठवलेले बाहेर काढणे नव्हे. आठवणे म्हणजे पुन्हा रचणे होय. कुंभार जुनीच माती घेतो, पण प्रत्येक वेळी मडके नव्याने घडवतो. तसेच मन करते.

मन हे मडके कशाच्या आधाराने घडवते, हे पाहण्यासाठी आणखी एक प्रयोग करा. आपल्या मित्राला पुढील शब्द सावकाश वाचून दाखवा: उशी, रात्र, पांघरूण, स्वप्न, अंथरूण, जांभई, थकवा, घोरणे, चादर, काळोख. पाच मिनिटे दुसऱ्या गप्पा मारा. मग त्याला आठवतील तेवढे शब्द लिहावयास सांगा. पुष्कळदा त्या यादीत 'झोप' हा शब्द उतरलेला दिसेल, आणि "तो तू वाचलास, मी स्वतः ऐकला" असेही तो सांगेल. परंतु तुम्ही तो शब्द उच्चारलेलाच नव्हता! हेन्री रोडिजर आणि कॅथलीन मॅकडर्मट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली अशाच याद्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. यादीतील प्रत्येक शब्द झोपेकडे बोट दाखवतो. म्हणून न उच्चारलेला शब्द मनात जागा होतो आणि उच्चारलेल्या शब्दांच्या रांगेत जाऊन बसतो.

एकाच समाजात वाढलेल्या माणसांच्या मनात अर्थांचे असे जाळे बरेचसे सारखे असते. म्हणून त्यांच्या चुकाही सारख्याच होतात. त्यातच एकाने केलेली चूक दुसरा ऐकतो, तिसरा सांगतो, चौथा लिहितो. आणि प्रत्येक वेळी ती अधिक ओळखीची होत जाते. ओळखीचे ते खरे, असे मानण्याकडे मनाची ओढ असते. अशा रीतीने चूक एकाची न राहता समाजाची होते.

आतापर्यंतची उदाहरणे करमणुकीची होती. पिकाचूची शेपटी काळी मानल्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु हीच गोष्ट ज्ञानाच्या आणि इतिहासाच्या प्रांतात घडली, तर ती करमणूक राहत नाही.

"भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?" ह्या प्रश्नाचे "हॉकी" हे उत्तर देशातील लक्षावधी लोक निःशंकपणे देतात. असे वाटण्यास कारणही आहे. ऑलिंपिक स्पर्धांत भारताने हॉकीची आठ सुवर्णपदके जिंकली असून त्यांतील सहा १९२८ ते १९५६ ह्या काळात ओळीने मिळवलेली आहेत. परंतु २०१२ साली लखनौच्या एका दहा वर्षांच्या मुलीने माहितीच्या अधिकाराखाली सरकारला विचारले, की हॉकीला राष्ट्रीय खेळ ठरवणारा आदेश कोणत्या दिवशी निघाला? तेव्हा क्रीडा मंत्रालयाने उत्तर दिले, की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही. देशातील लक्षावधी लोकांना जे पक्के ठाऊक होते, त्याचा कागद मात्र नव्हता! त्या मुलीने कोणाशी भांडण केले नाही, की कोणाला खोटे ठरवले नाही. तिने फक्त मूळ आदेश मागितला. शोधाचा आरंभ असाच होतो.

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या आवडत्या प्रसंगाचे आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे ह्यांनी प्राणांची आहुती देऊन कोंढाणा घेतला. त्यांच्या ह्या बलिदानामुळे गडाचे नाव सिंहगड पडले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. तथापि शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या एका पत्रात ह्या गडाचा उल्लेख 'सिंहगड' असाच आला आहे. म्हणजे हे नाव तानाजींच्या मृत्यूच्या आधीच रूढ होते. ह्यामुळे तानाजींच्या पराक्रमात अणुमात्र उणेपणा येत नाही. ज्यांनी स्वतःच्या रक्ताने गड जिंकला, त्यांच्या कीर्तीला नावाच्या कथेचा टेकू लागत नाही. पोवाड्यांनी आणि कथांनी हे शौर्य घरोघर जागते ठेवले, हे त्यांचे मोठेच उपकार आहेत. परंतु कथेने शौर्य शिकावे आणि पत्राने इतिहास शिकावा, हा भेद आपण पाळला पाहिजे.

आता गोदावरीच्या काठी वसलेल्या कोपरगावास जाऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातील ह्या गावात राघोबादादांचा वाडा आहे. राघोबादादा म्हणजे रघुनाथराव पेशवे. ज्यांच्या १७५८ च्या उत्तरेकडील मोहिमेत मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, तेच हे. त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे मात्र फार खिन्न गेली. १७८२ साली सालबाईचा तह झाल्यावर ते कोपरगावी येऊन राहिले आणि १७८३ साली ह्याच परिसरात त्यांचा शेवट झाला. ह्या वाड्याकडे पाहताना प्रत्येक मराठी माणसाच्या मनात एकच आठवण जागी होते, आणि ती म्हणजे 'ध चा मा' ही.

ही कथा तुम्ही ऐकली असेल. पुतणे नारायणराव पेशवे आणि काका रघुनाथराव ह्यांच्यात वैर आले. रघुनाथरावांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. तेव्हा नारायणरावांना पकडण्यासाठी रघुनाथरावांनी गारद्यांना एक पत्र दिले. त्यात 'धरावे' असा शब्द होता. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई ह्यांनी त्यातील 'ध' खोडून तेथे 'मा' केला, आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले. गारदी धावून आले. नारायणरावांनी "काका, मला वाचवा" असा आक्रोश करून काकांना मिठी मारली, पण त्यांचा प्राण वाचला नाही. ही कथा ऐकताना सारे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. मंद दिवा, हातात बोरू घेतलेली आनंदीबाई, कागदावरचा तो 'ध', आणि त्याच्या जागी उमटणारा 'मा'.

क्षणभर थांबून ह्या चित्रातील 'ध' कोणत्या लिपीत आहे, ते पाहा. तुमच्यापैकी बहुतेकांना तो ह्या पुस्तकातल्यासारखा, देवनागरीत दिसत असेल. परंतु पेशवाईतील मराठी पत्रव्यवहार आणि दफ्तर मोडी लिपीत चालत असे. म्हणजे आपण डोळ्यांपुढे जो कागद पाहतो, तो इतिहासातला कागद नव्हे. आपल्याच मनाने, आपल्या ओळखीच्या अक्षरांत लिहिलेला तो कागद आहे. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी आदिवासींच्या डोंग्याची होडी केली. आपण मोडीची देवनागरी केली!

मग ह्या प्रकरणात निश्चित असे काय आहे? ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, हे निश्चित आहे. त्या वेळी नारायणराव केवळ अठरा वर्षांचे होते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी ह्या खुनाची चौकशी केली, प्रत्यक्ष सत्ता हाती असलेल्या रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि त्यांच्या राज्यात राहावयाचे नाही म्हणून पुणे सोडले, हेही प्रसिद्ध आहे. परंतु ज्यावर 'ध' चा 'मा' केला असे सांगतात, तो कागद आज उपलब्ध नाही. ग्रँट डफ ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यातही ही हकीकत आली आहे. पण तोपर्यंत घटनेला पन्नासाहून अधिक वर्षे लोटली होती. पुढे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांचे 'भाऊबंदकी' हे नाटक १९०९ साली रंगभूमीवर आले. १९४४ साली प्रभात फिल्म कंपनीने 'रामशास्त्री' हा चित्रपट काढला. त्यात आनंदीबाईंची भूमिका ललिता पवार ह्यांनी केली होती. अशा कलाकृतींनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोळ्यांपुढे जिवंत केली. नटांचे आवाज, दिव्यांची योजना, अंगावर शहारे आणणारे ते प्रसंग हे सर्व प्रेक्षकांच्या मनात इतके खोल रुतले, की रंगमंचावर पाहिलेले आणि इतिहासात घडलेले ह्यांतील सीमारेषाच पुसली गेली. भाषेनेही ह्या कथेला आपल्या वाक्प्रचारांत कायमचे स्थान दिले.

आनंदीबाई निर्दोष होत्या, असे सिद्ध झाले आहे काय? नाही. त्या दोषी होत्या, हे तो कागद समोर ठेवून कोणी सिद्ध करू शकतो काय? तेही नाही. दोन्ही गोष्टी तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. परंतु सुमारे अडीचशे वर्षे एका स्त्रीच्या नावावर खुनाचा कलंक आहे, आणि तो लावताना कोणीही 'पुरावा कोठे आहे?' असा प्रश्न स्वतःला विचारत नाही, कारण तो प्रसंग सर्वांना 'आठवत' असतो! मृत माणूस आपली बाजू मांडण्यास येऊ शकत नाही. म्हणून त्याच्याविषयी बोलताना जिवंत माणसांनी अधिक जपून बोलावे, हाच न्याय होय. आपल्या पेशव्यासमोर न डगमगता दोष कोणाचा ते सांगणाऱ्या रामशास्त्र्यांचे नाव आपण आदराने घेतो. पण त्यांच्या त्या निर्भय निवाड्याच्या आधी चौकशी होती, हे आपण विसरता कामा नये. आधी चौकशी आणि मग निवाडा, हाच त्यांचा खरा धडा आहे.

आज तर ह्या धड्याची गरज अधिकच आहे. पूर्वी एखादी चुकीची गोष्ट गावोगाव पोचण्यास वर्षे लागत. आता भ्रमणध्वनीवरून ती क्षणात हजारो घरी पोचते. संध्याकाळी दहा ठिकाणांहून तीच गोष्ट आपल्याकडे परत येते, आणि दहा साक्षीदार मिळाले असे आपल्याला वाटते. वस्तुतः ते दहा साक्षीदार नसतात. एकाच आवाजाचे ते दहा प्रतिध्वनी असतात.

मग आपण करावे तरी काय? सर्वच आठवणींवर अविश्वास ठेवावा काय? तसे केले, तर एक दिवसही आपला व्यवहार चालणार नाही. आठवण ही साक्षीदार आहे. तिचे म्हणणे आदराने ऐकून घ्यावे. पण साक्षीदार म्हणजे न्यायाधीश नव्हे. महत्त्वाच्या प्रसंगी, विशेषतः कोणावर दोष ठेवण्यापूर्वी, तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. ही गोष्ट प्रथम कोणी पाहिली? घडल्यानंतर किती काळाने ती लिहिली गेली? आणि मूळ कागद, चित्र किंवा वस्तू आज पाहावयास मिळते काय? मिळत असेल, तर तेथवर जाऊन पाहावे. मिळत नसेल, तर 'असे सांगतात' एवढेच म्हणावे. 'असे घडले' आणि 'असे सांगतात' ह्या दोन वाक्यांत दिसावयास अंतर थोडे आहे. पण सत्य आणि असत्य ह्यांमधील फार मोठी दरी त्या थोड्या अंतरात सामावलेली असते.

"मला असे आठवते, पण एकदा पाहून सांगतो." हे वाक्य बोलण्यास कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही. विद्येची शोभा विनयात आहे, आणि आपल्याच स्मृतीला प्रश्न विचारण्याइतका विनय ज्याच्या अंगी आहे, तोच सत्याच्या जवळ पोचतो.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहा.
(अ) वीस रुपयांच्या नोटेवर मागील बाजूस कोणत्या स्थळाचे चित्र आहे?
(आ) नेल्सन मंडेला तुरुंगातून केव्हा सुटले?
(इ) पेशवाईतील पत्रव्यवहार कोणत्या लिपीत होत असे?
(ई) रघुनाथराव कोणत्या तहानंतर कोपरगावी येऊन राहिले?

२. पुढील प्रश्नांची उत्तरे चार-पाच वाक्यांत लिहा.
(अ) 'आठवणे म्हणजे पुन्हा रचणे होय' हे विधान बार्टलेट ह्यांच्या प्रयोगाच्या आधारे स्पष्ट करा.
(आ) पुष्कळ माणसांच्या चुका एकसारख्या का होतात?
(इ) लखनौच्या मुलीने केलेल्या कृतीतून आपण काय शिकावे?
(ई) नारायणरावांच्या खुनाविषयी निश्चित असलेल्या गोष्टी आणि सांगोवांगीच्या गोष्टी अशा दोन याद्या करा.

३. संदर्भ देऊन स्पष्टीकरण करा.
(अ) "एकाच आवाजाचे ते दहा प्रतिध्वनी असतात."
(आ) "कथेने शौर्य शिकावे आणि पत्राने इतिहास शिकावा."

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
ध चा मा करणे, ठासून सांगणे, अंगावर शहारे येणे, प्राणांची आहुती देणे, ताडून पाहणे.

५. 'सत्य आणि असत्य' ह्यांसारख्या विरुद्धार्थी शब्दांच्या आणखी चार जोड्या पाठातून शोधा किंवा स्वतः तयार करा.

६. उपक्रम : आपल्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूविषयी सांगितली जाणारी कथा तीन वडीलधाऱ्या माणसांकडून वेगवेगळी ऐकून लिहून घ्या. तिन्हींत सारखे काय आहे आणि वेगळे काय आहे, ते पाहा. त्यांपैकी कशाला लेख, शिलालेख किंवा जुने छायाचित्र ह्यांचा आधार मिळतो, ते शिक्षकांच्या मदतीने शोधा.